तीन दिवसांचं प्रेम आणि एकदाच येणारा कोमल गंधार

थोडक्यात आटोपलेल्या प्रेमावर गाणं लिहायला बसलं की पहिल्या पानावर येणारे शब्द ठरलेले असतात. क्षण, वळण, चांदणं, अधुरी, आठवण. हे सगळे खोडून टाका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तर ते प्रेम थोडकं होतं अशी नुसती बातमी देतात म्हणून. ऐकणाऱ्याला तो थोडकेपणा कानाने कळायला हवा, आणि तिथेच अडचण आहे. गाणं मुळात परत येणाऱ्या गोष्टींवर उभं असतं. ध्रुपद परत येतं, ठेका परत येतो, पहिल्या अंतऱ्याची चाल दुसऱ्याला आणि तिसऱ्याला लागते. जे परत येणार नाही ते या रचनेत ठेवायचं कुठे?

उत्तर शोधायला संगीतकार श्रीनिवास खळे (1926–2011) यांच्याकडे जावं. खळेकाकांची गाणी आवडतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ‘खळ्यांसारखं’ काही करायला बसले की त्यांची एखादी हरकत, म्हणजे गळ्याची छोटी नक्षी, उचलतात आणि थांबतात. हरकत त्यांची राहते, गाणं आपलं होत नाही. उचलायची असेल तर त्यांची बांधणी उचला. लता मंगेशकरांनी गायलेलं, मंगेश पाडगावकरांचं ‘श्रावणात घन निळा बरसला’ कागद-पेन्सिल घेऊन ऐका. प्रत्येक अंतऱ्याची चाल वेगळी आहे. आधीच्या अंतऱ्याची चाल ओळखीची होते न होते तोच ती संपते आणि पुन्हा भेटत नाही. स्थिर असतं ते फक्त ध्रुपद. त्या गाण्याचा विषय पाऊस आणि आनंद, आपला विषय वेगळा. पण एकदाच येऊन गेलेली चाल म्हणजे काय ते तिथे समजतं, आणि अल्पजीवी प्रेमाला नेमकं तेच लागतं.

ऐकताना कागदावर चारच गोष्टी उतरवा. ध्रुपद कोणत्या स्वरावर थांबतं, प्रत्येक अंतरा कोणत्या स्वरावरून उठतो, अंतऱ्यातून ध्रुपदावर यायला किती मात्रा घेतल्यात, आणि कोणती ओळ दोनदा म्हटली आहे, कोणती एकदाच. वाद्यमेळ, आलाप, गळ्याची फिरत यांच्याकडे पहिल्या फेरीत कान द्यायचा नाही. चाल तोंडपाठ करून हार्मोनियमवर काढूही नका. बोटांना एकदा ती वाट कळली की स्वतःची चाल करताना बोटं त्याच वाटेने जातात.

आणखी एक सावधगिरी छंदाची. त्या गाण्याच्या ध्रुपदाची ओळ 28 मात्रांची आहे, 16 अधिक 12. याच मापात लिहायला बसलात तर बाराव्या मात्रेपाशी चाल आपोआप त्यांच्यासारखी उतरेल. म्हणून माप बदला. खालच्या नमुन्यात सरळ 16 मात्रांची ओळ घेतली आहे, 8 अधिक 8. केरवा या आठ मात्रांच्या तालाच्या दोन आवर्तनांत (फेऱ्यांत) ती नीट बसते. सहा मात्रांच्या दादऱ्यात गायचं असेल तर 12 किंवा 24 मात्रांची ओळ लिहा. 16 ची ओळ दादऱ्यात कोंबली की दीर्घ अक्षरं ओढावी लागतात, नाहीतर शेवटचं अक्षर समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, पलीकडे लोंबकळतं.

आता विषय. ‘प्रेम’ हा विषय नाही. ज्याला स्वतःचं घड्याळ आहे अशी जागा हवी. लग्नघर यासाठी फार सोयीचं. हळद, लग्न, पाठवणी, तीन दिवस आणि तीन अंतरे, पाहुणे आपोआप आपापल्या गावी जाणार. ‘कुणी कुणाला सोडलं’ या भानगडीत पडावंच लागत नाही. वस्तूही अशा निवडा ज्यांची मुदत ऐकणाऱ्याला माहीत आहे. गजरा एका संध्याकाळपुरता, हातावरची मेंदी आठवडा-दोन आठवडे, अक्षता तर मुठीतून सुटेपर्यंतच. वस्तूची मुदत माहीत असली की ‘क्षणभंगुर’ हा शब्द लिहावा लागत नाही.

ध्रुपद असं घेऊ:

मांडव सुटला, खांब राहिला,
गजरा अजुनी खांबावरती

मात्रा मोजून घ्या. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात आला तर त्याच्या दोन. मां (2) ड (1) व (1) सु (1) ट (1) ला (2), झाल्या आठ. खां (2) ब (1) रा (2) हि (1) ला (2), पुन्हा आठ. दुसरी ओळही अशीच उतरते. ‘अजुनी’ मध्ये जु ऱ्हस्व केला आहे. तशी सूट कवितेत चालते, पण एका गाण्यात तीनदा-चारदा घेतली की पुरे. त्यापुढे ओळी जुन्या नाटकातल्यासारख्या वाटायला लागतात.

इथे खरं तर ‘मेढ’ हा शब्द जास्त नेमका होता. मुहूर्तमेढ आधी रोवतात, मांडव उतरल्यावरही ती काही काळ उभी असते, आणि ‘मेढीवरती’ च्या मात्राही बरोबर आठच होतात. कागदावर सुंदर. पण गाऊन बघा. मायक्रोफोनमधून ‘गजरा अजुनी मेंढीवरती’ असं ऐकू येतं. गाण्याचा प्रत्येक शब्द डोळे मिटून, अर्थ माहीत नसलेल्या माणसासारखा एकदा ऐकावा तो याचसाठी.

पहिला अंतरा हळदीचा. सहज सुचणारी ओळ ‘वाटी हळदीची मागितली’. मात्रा मोजल्या तर सोळा, तरी ती चुकीची आहे. आठव्या मात्रेवर जो थांबा येतो तो ‘हळदी’ आणि ‘ची’ यांच्यामध्ये पडतो. केरव्यात दुसऱ्या आवर्तनाची सम ‘ची’ वर आपटेल आणि ‘हळदी… ची मागितली’ असं ऐकू येईल. यतिभंग म्हणतात तो हाच, आणि नवशिक्यांच्या दहा गाण्यांत आठांमध्ये तो असतो, कारण बेरीज जुळली की सगळे खूश होतात. बेरीज नको, तुकडे जुळवा:

हळदीची ती वाटी देता
बोट लागले, नाव न पुसले
पिवळी रेघच दंडावरती

दुसरा दिवस लग्नाचा:

सनई थांबुन गेली होती
अक्षत उरली मूठभराची
हसुन उधळली माझ्यावरती

तिसरा पाठवणीचा:

तुमची गाडी वळली तेव्हा
हात हलवला सगळ्यांसाठी
धूळ तेवढी पायांवरती

‘सगळ्यांसाठी’ मध्ये ळ्य हे जोडाक्षर आहे, तरी ग वर आघात येत नाही, म्हणून त्याची एकच मात्रा धरली. ‘तुझ्या’, ‘कळ्या’, ‘उद्या’ यांतले पहिले दोन याच जातीचे. ‘उद्या’ मात्र आघात घेतो. शंका आली तर शब्द मोठ्याने बोला, आधीचं अक्षर जड लागतंय का ते कानच सांगतो. ‘अक्षत’ मधला अ जड आहे, त्याच्या दोन.

या तीन अंतऱ्यांत ‘तू’ कुठेही नाही, हे मुद्दाम. संबोधन येतं ते एकदाच, ‘तुमची’, आणि तेही गाडीचं, म्हणजे सगळ्या बिऱ्हाडाचं. तीन दिवसांत अरेतुरेपर्यंत गाडी आलीच नाही, एवढं त्यातून कळतं. अंतऱ्यांचा काळ भूतकाळ, ध्रुपदाचा वर्तमान. यात सरमिसळ झाली, ध्रुपदात ‘राहिला होता’ आलं, की सगळंच जुनं होतं आणि गजरा नजरेसमोर राहत नाही. गजरा कुणाचा, खांबावर कसा गेला, हेही कुठल्याच अंतऱ्यात सांगू नका. पहिल्यांदा ध्रुपद ऐकताना ते नुसतं लग्न झाल्यानंतरच्या अंगणाचं वर्णन असतं. तिसऱ्या अंतऱ्यानंतर ऐकणारा स्वतःच उत्तर लावतो.

लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर तपासा. ते ऱ्हस्व असेल तर गायकाला लांबवता येत नाही. इथे यमक ‘ती’ आहे, दीर्घ आहे, पण ईकार वरच्या पट्टीत बारीक आणि टोचरा होतो. म्हणून यमकाचा शब्द कधीही तार (वरच्या) सप्तकात नेऊ नका. उंच स्वर आकारावर ठेवा. दुसऱ्या अंतऱ्यात सगळ्यात उंच जागा ‘सनई’ च्या ई वर नाही, ‘थांबुन’ च्या थां वर.

चालीकडे येऊ. पट्टी आधी ठरवा. पुरुषाच्या आवाजाला हार्मोनियमची काळी एक, स्त्रीच्या आवाजाला काळी चार किंवा पाच इथून सुरुवात करून बघावी. आपल्याला मंद्र (खालच्या) सप्तकातल्या पंचमापासून तार ऋषभापर्यंत म्हणजे दीड सप्तक लागणार आहे, तेव्हा दोन्ही टोकं आधीच गाऊन पाहा. खालचा पंचम नुसता श्वासासारखा येत असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने चढवा.

राग देस घेऊ. कारण सोपं आहे. देसमध्ये ऋषभाला (रे) मान आहे, त्यावर थांबलं तरी चूक वाटत नाही आणि संपल्यासारखंही वाटत नाही. पण रे म प नि सां ही सरळ चढण टाळा. आकाशवाणीवरच्या ‘वंदे मातरम्’ मुळे ती महाराष्ट्राच्या कानात इतकी मुरली आहे की पहिल्या चार स्वरांतच माणूस सावधान उभा राहील. वरून खाली या:

मां – ड व | सु ट ला –
नि – ध प | म ग रे –

यातला नि (निषाद) कोमल, म्हणजे शुद्ध नि पेक्षा अर्धा स्वर खालचा. ‘मांडव सुटला’ हे शब्द ज्या दिशेला जातात त्याच दिशेला स्वरही उतरतात. दुसऱ्या ओळीचा शेवटही ऋषभावर करा. षड्ज गाठायचा मोह होतो, हार्मोनियमवाले तर हटकून सा दाबतात. दाबू देऊ नका.

पहिला अंतरा पंचमाच्या आसपास, शुद्ध निषादाने तार षड्जाला हात लावून परत, आणि शेवट पुन्हा पंचमावर. पंचमावरून ध्रुपदाचा कोमल निषाद जवळ आहे, गायक सहज पोचतो.

दुसरा अंतरा हे या गाण्याचं काळीज. सुरुवात तार षड्जावर, ‘थांबुन’ ला तार ऋषभ. मग ‘अक्षत उरली’ पासून खाली उतरत यायचं आणि शेवटच्या शब्दावर देसची वेस ओलांडून जयजयवंतीत पाऊल ठेवायचं:

मा – झ्या – | व र ती –
रे – ग – | रे सा रे –

हा ग (गंधार) कोमल. देसमध्ये तो नाही, शेजारच्या जयजयवंतीत आहे, आणि दोन्ही रागांची बाकीची ठेवण इतकी जवळची की परका पाहुणा आल्यासारखा धक्का बसत नाही, नुसतं काहीतरी मऊ होऊन गेल्यासारखं वाटतं. अख्ख्या गाण्यात हा कोमल गंधार या एकाच ठिकाणी, दोन मात्रांपुरता. आधीच्या म्युझिकमध्ये नाही, ध्रुपदात नाही, शेवटच्या आलापात नाही. जे प्रेम परत येणार नाही त्याची जागा ही.

हेच सगळ्यात जास्त वेळा बिघडतं. वाजवणाऱ्याला जागा आवडली की तो ती पुढच्या पीसमध्ये (अंतऱ्याआधीच्या वाद्यसंगीतात) बासरीवर परत आणतो, शाबासकी मिळेल या आशेने. गायक ओळ दोनदा म्हणतो, कारण टाळी तिथे पडते. दोन्ही वेळा गाणं चांगलं वाटेल आणि विषय हातचा जाईल. म्हणून अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळी दोनदा, तिसरी एकदाच, असं कागदावर लिहूनच द्या.

एक अडचण उरते. अंतरा ऋषभावर संपला आणि ध्रुपद कोमल निषादावर सुरू होतं. मधलं अंतर आठ अर्धस्वरांचं, आणि थेट उडी मारताना बहुतेक गळे एक तर धैवतावर पडतात किंवा शुद्ध निषादावर. मध्ये केरव्याचं एक आवर्तन मोकळं ठेवा. त्यात हार्मोनियमने रे म प नि अशी वाट दाखवावी, नि कोमल, दर दोन मात्रांना एक स्वर. तिसऱ्या अंतऱ्यात हा प्रश्न येत नाही. तो सगळा मंद्र सप्तकात, आणि ‘पायांवरती’ मंद्र कोमल निषादावर संपतो. ध्रुपद तोच स्वर एक सप्तक वर घेऊन उठतं. सप्तकाची उडी कानाला सापडते.

वेळेचा हिशेब आधी करा. मेट्रोनोम 80 वर लावून एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या तर केरव्याचं आवर्तन 3 सेकंदांचं होतं आणि 16 मात्रांची ओळ 6 सेकंदांची. सुरुवातीचं म्युझिक आठ आवर्तनं, म्हणजे 24 सेकंद. ध्रुपद आणि त्यामागचं मोकळं आवर्तन मिळून 15, ते सुरुवातीला दोनदा, म्हणून 30. प्रत्येक अंतरा, ओळींच्या पुनरावृत्तीसकट आणि मोकळ्या आवर्तनासकट, 33. पहिल्या दोन अंतऱ्यांआधी 24-24 सेकंदांचा पीस, प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुपद एकदा. तिसऱ्या अंतऱ्याआधी पीस ठेवूच नका. लग्नानंतर पाठवणी जशी अंगावर येते तसा तो थेट येऊ द्या. सगळं मिळून 246 सेकंद, म्हणजे 4 मिनिटं 6 सेकंद. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे. तिथे हे गाणं दोनच अंतऱ्यांचं झालं असतं आणि तरीही शेवट घाईत उरकावा लागला असता. आज तसं बंधन नाही, पण साडेचार मिनिटांच्या पुढे जाऊ नका. तीन दिवसांच्या प्रेमाला सात मिनिटं शोभत नाहीत.

वाद्यं तीन पुरेत: हार्मोनियम, तबला, बासरी. सिंथेसायझरवरचे व्हायोलिनचे गालिचे अंथरले की कोमल गंधार त्यात बुडतो. दोन मात्रांचा स्वर ऐकू यायला भोवती जागा लागते. तबलजींना ‘माझ्यावरती’ या शब्दापुरता बायां (डाव्या हाताचा तबला) हलका करायला सांगा.

आता चोरी झाली आहे का ते तपासणं. आपल्या चालीवर मूळ गाण्याचे शब्द बसतात का, ही लोकप्रिय कसोटी कुचकामी आहे, कारण एकाच मात्राबंधातले कुठलेही शब्द कुठेही बसतात. त्याऐवजी चाल शब्दांशिवाय, नुसत्या हार्मोनियमवर, भावगीतं भरपूर ऐकलेल्या दोघा-तिघांना वेगवेगळं ऐकवा आणि ‘कुठलं गाणं आठवलं?’ एवढंच विचारा. तिघांनी तीन वेगळी नावं घेतली तर काळजी नाही, ती देसची पुण्याई. दोघांनी एकच नाव घेतलं तर ध्रुपदाचे पहिले आठ स्वर बदला. कायद्याच्या बाजूनेही हे बरं. राग, ठेका, छंद कुणाच्या मालकीचे नसतात, अंतऱ्यांच्या चाली वेगळ्या ठेवण्याची कल्पनाही नाही. पण बांधलेली चाल संगीतकाराच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं संरक्षित असते. खळ्यांच्या चालींसाठी ती मुदत 2071 अखेरपर्यंत जाते.

मोबाईलवर पहिलं ध्वनिमुद्रण करताना तानपुऱ्याचं ॲप दुसऱ्या मोबाईलवर लावा, गाणाऱ्या मोबाईलपासून चार-पाच फुटांवर. एकाच यंत्रावर दोन्ही केलं तर पुष्कळ मोबाईल तानपुरा हा गोंगाट समजून कापतात आणि स्वर अधांतरी वाटतो. तोंडापासून मोबाईल हातभर अंतरावर, थोडा तिरका. पंखा बंद.

गायकाला द्यायच्या कागदावर फक्त शब्द देऊ नका. श्वासाच्या जागा उभ्या रेघेने दाखवा: प्रत्येक ओळीत आठव्या मात्रेनंतर, अपवाद ‘हसुन उधळली माझ्यावरती’. ती ओळ एका श्वासात. ज्या ओळी दोनदा म्हणायच्या त्यांच्यासमोर 2 लिहा, बाकीच्यांसमोर 1, कोरं काही ठेवू नका, कारण कोऱ्या ओळी गायक हमखास दोनदा म्हणतात. शेवटचं ध्रुपद एकदाच, तबला ‘खांबावरती’ च्या समेवर थांबवायचा, आणि ऋषभ तानपुऱ्यावर चार मात्रा धरून सोडायचा. सा वर यायचं नाही, हे त्या ओळीखाली लाल शाईने लिहा, हार्मोनियमवाल्यांच्या कागदावर तर दोनदा.